जुनं कार्पेट काढलं म्हणून बिल लावलं, आणि त्याच्यावरच नवं चिकटवलं

गाडीचं कार्पेट बदलून घेणार असाल तर पैसे देण्याआधी हे वाचा. या कामात फसवणं फार सोपं आहे, कारण खरं काम सगळं खाली असतं आणि आपल्याला दिसतं फक्त वरचं कापड.

माझी गाडी जुनी. तिचं कार्पेट तुकड्या-तुकड्यांनी कापून तळाच्या पत्र्याला सोल्यूशनने थेट चिकटवलेलं होतं. साच्यात घडवलेलं एकसंध कार्पेट बदलणं त्या मानाने सोपं. चिकटवलेलं काढणं म्हणजे कष्टाचं काम. सीट, मधला कन्सोल, दाराच्या उंबऱ्यावरच्या पट्ट्या, बेल्टचे खालचे बोल्ट, सगळं आधी उतरवायचं. कार्पेट ओढलं की वरचा थर हातात येतो आणि खालचा नमदा, म्हणजे कार्पेटखालचा जाड मऊ थर, भुगा होऊन पत्र्यालाच चिकटून राहतो. तो खरवडायचा, उरलेला गोंद टर्पेंटाइनने पुसायचा, गंज तारेच्या ब्रशने घासून प्रायमर मारायचा, तो वाळू द्यायचा. मग नवा नमदा आणि सगळ्यात शेवटी कार्पेट.

हे मला कार्पेट बदलून देणाऱ्या दुकानदारानेच समजावून सांगितलं होतं. बिलातही जुनं काढणं, पत्रा साफ करणं, गंजावर प्रायमर असे वेगवेगळे पैसे लावले. म्हणजे त्याला काम येत नव्हतं असं मुळीच नाही. उलट काम येत होतं म्हणूनच कुठली पायरी गाळली तर गिऱ्हाईकाला कळणार नाही, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

गाडी ताब्यात मिळाली तेव्हा आतून चकाचक. सोल्यूशनचा वास इतका उग्र की काचा खाली करूनच चालवावी लागे. वास उडायला लागला तसा त्याच्या मागून जुना कुबट, ओला वास परत आला. मग उन्हात गाडी तापली की मधल्या उंचवट्यावरचं कार्पेट फुगून सुटायला लागलं. चांगलं सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून, चिकट होईपर्यंत थांबून मग दाबायचं असतं. इथे नुसता हलका स्प्रे मारला होता. आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की पॅडलची कड कार्पेटमध्ये रुतत होती. वास, फुगवटा हे एक वेळ सहन होईल, पण पॅडल अडकू शकेल अशी गाडी गिऱ्हाईकाच्या हातात देणाऱ्याला काय म्हणावं?

मग गाडी दुसऱ्या मेकॅनिकला दाखवली. त्याने आधी कार्पेटला हातही लावला नाही. सीटखाली बॅटरी मारून बोल्ट बघितले आणि म्हणाला, "दादा, या सीट उतरवलेल्याच नाहीत." बोल्टच्या डोक्यावर जुनी धूळ आणि गंज जसाच्या तसा, पाना लागल्याची एकही खूण नाही. मग त्याने उंबऱ्याची पट्टी काढून कड उचलली. वर पातळ नवं कापड, त्याखाली माझं जुनंच कार्पेट, आणि त्याच्याही खाली पिळलं तर पाणी निघेल असा नमदा. नवं कापड सीटच्या पायांभोवती ब्लेडने कापून बसवलेलं. पुढच्या डाव्या बाजूला पत्रा पार सडलेला.

पाणी येत होतं एसीच्या ड्रेन पाइपमधून. तो तुंबला होता, म्हणून बाहेर पडायचं पाणी आत मुरत होतं. जुना नमदा खरोखर काढला असता तर ओल कुठून येते हा प्रश्न कुणालाही पडलाच असता.

जाब विचारायला गेलो तर उत्तर तयार: "जुनं काढलं की पत्रा फाटतो साहेब, आम्ही मुद्दाम ठेवतो. आवाजही कमी येतो." मी बिलातली "जुनं काढणे" ही ओळ दाखवली. त्यावर "गाडी सोडून जा, परत करून देतो." त्याच हातात गाडी परत द्यायची माझी तयारी नव्हती. बऱ्याच वादावादीनंतर थोडे पैसे परत मिळाले. बाकीच्या पैशांसाठी "मालक आले की बघू" चालू आहे.

काम द्यायच्या आधीच सांगून ठेवा की काढलेलं जुनं कार्पेट नमद्यासकट पोत्यात भरून डिकीत ठेवा, मला हवंय. खरं काढणाऱ्याला यात काहीच अडचण नसते. पत्रा उघडा असताना स्वतः जाऊन बघा, ते जमणार नसेल तर डॅशबोर्डसकट दिसेल असा फोटो मागवा. गाडी घेताना उंबऱ्याजवळ कार्पेटची कड पट्टीखाली गेली आहे की पट्टीला टेकवून कापली आहे ते बघा, इंजिन बंद ठेवून तिन्ही पॅडल तळापर्यंत दाबा, आणि हे सगळं होईपर्यंत बिलातली मोठी रक्कम आपल्याच खिशात राहू द्या.