उंच टाचेचे लिफ्टिंग शूज : सात महिन्यांनंतर

हे बूट घेण्याआधी मला वाटायचं, माझी पाठ कमजोर आहे. स्क्वॉट करताना, म्हणजे वजनाचा बार खांद्यावर घेऊन बैठक मारताना, खाली गेले की छाती पुढे कलायची आणि वर येताना कंबर आधी उठायची. दुसऱ्या दिवशी कमरेत ठणका. ५० किलोच्या पुढे मी जाऊच शकत नव्हते. खरी अडचण घोट्यात होती आणि ती कळायला मला चार महिने लागले.

माझे आजोबा तरुणपणी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे. प्रोफेसर माणिकरावांच्या या आखाड्याचा त्यांना फार अभिमान होता. आम्हा नातवंडांना गच्चीवर बैठका त्यांनीच शिकवल्या. देशी बैठकीत खाली जाताना टाचा उचलायच्या, भार चवड्यांवर घ्यायचा आणि हाताच्या झोक्याने वर यायचं. ती पद्धतच तशी आहे आणि फार चांगली आहे. पण एक्केचाळिसाव्या वर्षी मांजलपूरच्या जिममध्ये बारबेल घेतला तेव्हा माझे पाय तीच जुनी सवय घेऊन आले. बैठकीत पाठीवर ओझं नसतं. इथे बार पावलाच्या मध्यावरच राहायला हवा. टाच उचलली की तो पुढे सरकतो आणि त्याला सावरायला कंबर राबते. ट्रेनरभाई रोज ओरडायचे, ‘बेन, एडी!’ (ताई, टाच!) टाच टेकवली की मी पुढे वाकायची, वाकू नये म्हणून ताठ राहिले की टाच उचलली जायची.

शेवटी त्यांनीच भिंतीची चाचणी करून घेतली. पायाचा अंगठा भिंतीपासून थोडा दूर ठेवायचा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा. साधारण १० सेंटीमीटरवरून गुडघा लागला तर घोटा मोकळा समजतात. माझा उजवा ८ वर लागला, डावा ५ वर. घोटा वाकत नाही म्हणून गुडघा पुढे जात नाही, म्हणून नितंब मागे जातात आणि तोल राखायला छाती पुढे झुकते. मग टाचांखाली सव्वा किलोची एकेक प्लेट ठेवून, बार न घेता बसून पाहिलं. पाठ आपोआप सरळ राहिली! मी तिथेच बूट घ्यायचं ठरवलं.

बुटांची टाच सुमारे २० मिलिमीटर उंच आहे आणि तळ कडक. पूर्वी मी पळायचे बूट घालून स्क्वॉट करायची. त्यांचा मऊ फोम वजनाखाली दबतो आणि पाऊल आत-बाहेर डुलतं. इथे पाऊल जमिनीत रोवल्यासारखं वाटतं. पहिल्या आठवड्यातच खोली वाढली, नितंबाची घडी गुडघ्याच्या खाली जायला लागली.

आता जे बुटांनी केलं नाही तेही सांगते, कारण मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. वर येताना माझे गुडघे आत पडायचे, ते तसेच पडत राहिले. पोटात श्वास भरून धड घट्ट करणंही आपोआप आलं नाही. त्यासाठी वजन ३० किलोवर आणावं लागलं. मन खट्टू झालं, पण तोच सर्वांत चांगला निर्णय ठरला. टाच, अंगठ्याखालचा भाग आणि करंगळीखालचा भाग, या तिन्हींवर सारखा दाब ठेवायचा, तळाला दोन सेकंद थांबायचं आणि गुडघे पावलांच्या दिशेने नेत उठायचं. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून कमरेच्या उंचीवर, बाजूने चित्रीकरण. रॅकच्या, म्हणजे बार ठेवायच्या चौकटीच्या, आडव्या दांड्या मी बैठकीच्या तळाला बार जिथे येतो त्यापेक्षा थोड्या खाली लावते, म्हणजे अडकलं तर बार त्यांवर ठेवता येतो. मग हळूहळू अडीच-अडीच किलो वाढवत गेले. आज ६० किलोचे, पाच-पाच बैठकांचे तीन सेट होतात आणि कंबर दुखत नाही.

तक्रारी आहेत. पुढचा भाग अरुंद आहे. माझ्या रुंद पायाला पहिला महिनाभर करंगळीजवळ फोड यायचे. विक्रेत्याने आधी चुकीचं माप पाठवलं आणि बदलून द्यायला तीन आठवडे लावले. पावसाळ्यात आतून वाळत नाहीत, वर्तमानपत्र कोंबून ठेवावं लागतं. ओल्या फरशीवर तळ घसरतो, म्हणून जिममध्ये गेल्यावरच घालते. डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून बार उचलताना, मात्र मी ते काढतेच. उंच टाचेमुळे भार पुढे ढकलला जातो.

सगळ्यांनी घ्यावेत असं नाही. भिंतीची चाचणी सहज जमत असेल तर सपाट तळाचे साधे कॅनव्हासचे बूट पुरतील. शंका असेल तर आधी टाचांखाली प्लेट ठेवून बघा, पण बार न घेता, कारण प्लेट सरकते.

पोटरीचे ताण मी रोज करते. डावा घोटा आता साडेसातवर आलाय. दर शनिवारी पहिले दोन सेट अनवाणी, रिकाम्या २० किलोच्या बारने घेते. टाच अजून उचलते, पण फक्त डावी, आणि तीही अगदी तळाला.