पेम्ब्रोलिझुमॅबच्या सहा वायल, ५,०८,५०० रुपये

ह्यांना गालाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, तरी तो परत आला आणि फुफ्फुसात गेला. डॉक्टरांनी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढवणारं औषध, सुचवली: पेम्ब्रोलिझुमॅब, दर तीन आठवड्यांनी २०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या दोन वायल (इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या). ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांना खर्च समजावून सांगायला नको. मी तीन सायकलच्या, म्हणजे तीन वेळच्या डोसच्या, सहा वायल बाहेरून घेतल्या. एक ८४,००० ला, छापील किमतीच्या जवळजवळ निम्म्यात. औषधाचे ५,०४,००० आणि दर खेपेला ‘कोल्ड चेन’चे म्हणून १,५००. एकूण ५,०८,५००. त्यातल्या चार वायल ह्यांच्या अंगात गेल्या.

विकणाऱ्याचा नंबर रुग्णांच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळाला. ज्या बाईंनी दिला त्याही फसलेल्याच, त्यांना दोष देणार नाही. तो माणूस फोनवर फार अदबीने बोलायचा. “ताई, मी स्टॉकिस्टकडेच असतो. हॉस्पिटलचं मार्जिन मध्ये येत नाही, म्हणून स्वस्त पडतं.” कॅन्सरच्या औषधांत मार्जिन भरमसाठ असायचं हे खरंच आहे. २०१९ साली सरकारने ४२ औषधांच्या व्यापारी मार्जिनवर ३० टक्क्यांची मर्यादा घातली ती उगाच नाही. त्यामुळे त्याचं बोलणं मला पटलं. मी अडाणी नाही, हावरटही नाही. निम्मे पैसे वाचले तर अजून तीन सायकल होतील, एवढाच माझा हिशेब होता.

बिल मागितलं तर म्हणाला, बिल घेतलंत तर जीएसटी वरून भरावा लागेल. हे वाक्य कुणाच्याही तोंडून ऐकलंत की फोन ठेवा. छापील एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, वरून काहीही लागत नाही. बिलावर दुकानाचा औषध परवाना क्रमांक, बॅच नंबर, एक्स्पायरी आणि रुग्णाचं नाव असलंच पाहिजे. पैसे दुकानाच्या चालू खात्यात गेले पाहिजेत. मी दर वेळी १,००,००० एका बचत खात्यात आणि ६८,००० दुसऱ्याच नावाच्या यूपीआयवर टाकले.

आता ज्या गोष्टीने अजून झोप लागत नाही ती सांगते. दुसऱ्या खेपेचा डबा घणसोली स्टेशनबाहेर घेतला आणि लोकलने ठाण्याला आणला. घरी ओट्यावर ट्यूबलाइटखाली उघडला. आतला जेल पॅक पूर्ण वितळून लिबलिबीत झाला होता. हे औषध २ ते ८ अंशांत राहावं लागतं, गोठवायचंही नाही. एका वायलचं प्लास्टिकचं टोपण किंचित कललेलं होतं. त्याखालच्या ॲल्युमिनियमच्या कड्यावर मी नख फिरवलं. कारखान्यातलं कडं काचेच्या मानेवर एकसारखं गुळगुळीत बसलेलं असतं, हे मध्येच चुण्या पडल्यासारखं, पकडीने दाबल्यासारखं लागत होतं. खोक्यावरचा आणि वायलवरचा बॅच नंबर ताडून पाहिला. शेवटचे दोन आकडे वेगळे. पतपेढीत बावीस वर्षं व्हाउचर जुळवणाऱ्या बाईला हे दिसलं. दिसलं, आणि मी त्याला फोन केला. “इम्पोर्ट लॉट आहे ताई, पॅकिंग मिक्स होतं.” दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला डे-केअरची वेळ होती. मी गप्प बसले.

तिसऱ्या खेपेला डे-केअरच्या सिस्टरने टोपण उचललं तर ते टक् न करता नुसतं निघून आलं. खालच्या रबरावर आधीच तीन-चार टोचे. तिने सुई बाजूला ठेवली आणि वायल मला दाखवली. त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही.

खोट्या औषधांचा हा धंदा इम्युनोथेरपीत इतका का चालतो ते नीट समजून घ्या. केमोत उलट्या होतात, केस जातात, रक्तातल्या पेशी घसरतात, काहीतरी दिसतं. इथे खरं औषध दिलं तरी कित्येकांना दोन महिने वरून काहीच जाणवत नाही, आणि पाणी दिलं तरी जाणवत नाही. बऱ्याच रुग्णांत खरं औषधही लागू पडत नाही. स्कॅन होतो तीन-चार सायकलनंतर. गाठ वाढलेली दिसली की सगळे म्हणतात, औषध चाललं नाही. औषधावर कुणी संशय घेतच नाही. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या टोळीने रिकाम्या झालेल्या खऱ्या वायलमध्ये बुरशीवरचं औषध भरून त्या विकल्या होत्या. म्हणजे काच खरी, लेबल खरं, आतलं खोटं. ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला, तो असेल तर स्कॅन जरूर करा, पण वायल पुन्हा भरलेली असेल तर कोड बरोबरच दाखवेल. सील बघा, आणि माल कुठून आला ते बघा.

रिकाम्या वायलला बाजारात भाव आहे, हे डोक्यात ठेवा. सलाइन संपलं की सिस्टरला सांगून लेबलवर आणि खोक्यावर मार्करने फुली मारून घ्या, बॅच नंबर फाइलमध्ये लिहा. संकोच करू नका.

तक्रारीचं काय झालं तेही वाचा. पैसे ठाण्यातून गेले, माल नवी मुंबईत मिळाला. पहिल्या पोलीस ठाण्यात म्हणाले, माल जिथे घेतला तिथे जा. दुसऱ्यात म्हणाले, पैसे जिथून गेले तिथे जा. तिथून इथे अशा चार फेऱ्या, ह्यांना घरी शेजारणीच्या भरवशावर टाकून. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी नोंदवून घ्यावा लागतो. हे मी कागदावर लिहून नेलं तेव्हा साहेब म्हणाले, “मॅडम, कायदा आम्हाला शिकवू नका.” १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर म्हणाले, तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत, हा ऑनलाइन फ्रॉड नाही. औषध तपासणाऱ्या कार्यालयात म्हणाले, उघडलेली वायल चालत नाही, बंद आहे ती एकच आहे, आणि बिल कुठे आहे? अहो, बिल नाही हीच तर तक्रार आहे! औषधं व सौंदर्यप्रसाधने कायद्याचं कलम २६ सांगतं की विकत घेतलेलं औषध कुणीही फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकतो. तो अर्ज घ्यायला त्यांनी मला तीनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा मी आवक क्रमांक मिळेपर्यंत बाकावरून उठले नाही. तोंडी तक्रार करूच नका. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का घ्या. संशयित वायल फेकू नका, डे-केअरमध्ये सोडू नका, फोटो काढून फ्रिजमध्ये ठेवा. बँकेला त्याच दिवशी लेखी कळवा. मी नऊ दिवसांनी कळवलं, तोवर दोन्ही खाती रिकामी होती.

सगळ्यात मोठी चूक मात्र त्या फोनच्याही आधीची. हे परवडत नाही, असं डॉक्टरांना सांगायची मला लाज वाटली. नंतर सांगितलं तर दहा मिनिटांत त्यांनी समाजसेवा विभागात पाठवलं, कंपनीच्या सहाय्य योजनेचा फॉर्म भरून घेतला. अशा योजनेतल्या वायल विकायला नसतात, कुणी खासगी माणूस त्या विकत असेल तर त्या चोरीच्या किंवा खोट्या. परळच्या टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी डोक्यामानेच्या कॅन्सरमध्ये तोंडाने घ्यायच्या गोळ्यांबरोबर निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचंच दुसरं औषध फक्त २० मिलिग्रॅम देऊन अभ्यास केला. वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांवर १६ टक्के होतं, ते ४३ टक्क्यांवर गेलं. प्रत्येकाला ते चालेल असं नाही, डॉक्टर ठरवतील. पण विचारलंच नाही तर ते सांगणार कसे? मी विचारलं नाही, आणि ह्यांचे सहा आठवडे गेले.

त्या माणसाचा नंबर आता बंद आहे. मागच्या रविवारी त्याच ग्रुपवर दुसऱ्या नंबरवरून मेसेज आला: ‘इम्युनोथेरपी, इम्पोर्ट लॉट, ठाणे-नवी मुंबई घरपोच, बिलाशिवाय स्पेशल रेट.’ स्क्रीनशॉट काढून तक्रारीला जोडला आहे. त्याचाही आवक क्रमांक घेतला.