ट्रॅप कॅमेरा: दिवाळी ते आषाढ, कोंढाळीच्या वावरातला अनुभव

समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा माझा ट्रॅप कॅमेरा उन्हाळ्यात फोटो काढेनासा झाला. सर्व्हिस सेंटरने तो परत पाठवला, सोबत एका ओळीची चिठ्ठी: 'तपासले, दोष आढळला नाही.' जाण्यायेण्याचा कुरियरखर्च माझ्या माथी. विदर्भात हा कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाला मे महिन्यात हाच त्रास होणार आहे आणि कोणी तो लिहून ठेवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही. दहा हजारांच्या आतल्या जवळपास सगळ्या मॉडेलांत याच प्रकारचा सेन्सर असतो. मेगापिक्सेल वगैरे खोक्यावर छापलंय ते तुम्ही वाचलंच असेल.

आमचं वावर कोंढाळीकडे, बोर व्याघ्र प्रकल्पाच्या अंगाला. राहतो नागपुरात, सुट्टी मिळाली की वावरात. तूर, हरभरा आणि थोडी संत्र्याची बाग. धुऱ्यापलीकडे (बांधापलीकडे) नाला, नाल्यापलीकडे साग-तेंदू-पळसाचं रान. बोर आकाराने लहान, त्यामुळे तिथली जनावरं आमच्यासारख्यांच्या वावरांतूनच इकडची तिकडे होतात. कॅमेरा घेतला तो हरभरा कोण खातंय हे बघायला. शेजारचे काकाजी म्हणायचे डुकरं, आमचा सालदार म्हणायचा रोही, म्हणजे नीलगाय. कॅमेरा स्वतःच्या धुऱ्यावर, तोंड स्वतःच्याच वावराकडे. जंगलाच्या हद्दीत लावायचा असेल तर वनविभागाची परवानगी लागते, ती घेतल्याशिवाय लावू नका.

हिवाळ्यात कॅमेऱ्याने जीव खुश केला. थंडीच्या रात्री जनावर समोरून गेलं आणि फोटो आला नाही, असं झाल्याचं दिसलं नाही. ओल्या मातीत सकाळी जेवढे माग दिसायचे, तेवढ्यांचे फोटो कार्डात असायचे. हरभरा दोघंही खात होते, पण वेळा वेगळ्या: डुकरं मध्यरात्रीनंतर, रोही उजाडायच्या बेताला. साळिंदर आलं, उदमांजर आलं, एकदा अस्वल संथपणे धुरा ओलांडून गेलं. आणि जानेवारीत तुरीच्या ओळीतून एक लहानसं मांजर जाताना सापडलं. गावातलं असेल म्हणून पुढे सरकणार होतो. मग फोटो मोठा करून पाहिला. गोल आखूड कान, कपाळावरून मागे गेलेले पट्टे, अंगावर बारीक ठिपके आणि शेपटीवर ठिपका नाही. शेजारच्या खुंटीशी उंची ताडून पाहिली, घरच्या मांजरापेक्षाही लहान. वन्यजीवांवर काम करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला: 'वाघाटी आहे, भाऊ. जागा कोणाला सांगू नका.' जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक, वजन साधारण दीड किलोच्या आत, आणि भारत, नेपाळ, श्रीलंका सोडून कुठेच नाही. उंदीर खाते, म्हणजे माझंच काम करते. त्या एका फोटोसाठी पैसे वसूल झाले असं मी तेव्हाच घरी सांगून टाकलं होतं.

मार्चपासून मोहफुलं पडायला लागली की पहाटे बाया टोपल्या घेऊन नाल्याकाठी येतात. त्यांचे फोटो येऊ लागले. ते सगळे मी पुसले, आणि कॅमेरा पायवाटेवरून हलवून वावराच्या आतल्या बाजूला नेला. हे ज्याने त्याने करायलाच हवं. जनावर बघायला लावलेल्या यंत्राने माणसांवर पाळत ठेवायची नसते.

एप्रिल संपता संपता फोटो कमी झाले. मे महिन्यात, नवतपाच्या (मेअखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांच्या) आधीच, दुपार-संध्याकाळचं कार्ड जवळपास कोरं. रोही रोज नाल्यातल्या डोहावर पाणी प्यायला येतात हे लेंड्यांवरून कळत होतं, पण फोटो नाही. उलट गवताच्या हलत्या पात्यांचे रिकामे फोटो ढिगाने. सेन्सर मेला असं धरून मी कॅमेरा सर्व्हिस सेंटरला धाडला. फोनवर त्यांचं एकच पालुपद: सेटिंग चुकलं असेल, सेल बदलून बघा. नागपुरात पारा किती चढतो हे सांगितलं तर म्हणाले, कॅमेरा साठ डिग्रीपर्यंत चालतो. चालतो, मान्य. पण चालतो म्हणजे जळत नाही एवढंच. त्याला दिसतं का, हा माझा प्रश्न होता.

आता मुद्द्याचं. हा सेन्सर जनावर ओळखत नाही. समोरच्या पट्ट्यातून येणाऱ्या उष्णतेच्या किरणांत अचानक फरक पडला की तो कॅमेऱ्याला जागं करतो. त्यावर जे पांढुरकं, खवल्यांचं भिंग असतं ते समोरची जागा वेगवेगळ्या पट्ट्यांत वाटतं. मागच्या जमिनीपेक्षा जास्त गरम किंवा जास्त थंड अंग एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकलं की फोटो. जानेवारीत जमीन दहा-बारा डिग्री, जनावराचं अंग त्याहून बरंच गरम, त्यामुळे फरक ठळक. नागपूरचा मे बघा. 23 मे 2013 ला इथे 47.9 नोंदलं गेलंय, आणि दरवर्षी पंचेचाळीसच्या आसपास जातंच. त्या हवेत सावलीतली माती, झुडूप आणि रोह्याची कातडी सगळं जवळपास एकाच तापमानाला येतं. उन्हात तापलेल्या खडकापुढून जनावर गेलं तर निदान ते थंड म्हणून तरी पकडलं जातं, पण जनावरं दुपारी उन्हात उभी राहतात कुठे, ती सावलीतच असतात. रात्रही तशीच, कारण जमीन उशिरापर्यंत धग सोडत असते.

हे मी करून पाहिलं. कॅमेऱ्यात चाचणीचा मोड असतो, सेन्सरला काही जाणवलं की पुढचा लाल दिवा लागतो. पहाटे धुऱ्यावर आडवा चाललो, चांगल्या पंधरा-वीस पावलांवरूनही दिवा लागला. त्याच जागी दुपारी तीनला, पळसाच्या सावलीत, वाकून हळूहळू चाललो. दिवा नाही. आणखी जवळ गेलो, तरी नाही. चार-पाच पावलांवर आलो तेव्हा कुठे लागला. सालदाराला चालायला लावलं, तेच. डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन चाललो तर मात्र लांबूनच लागला, कारण ओलं कापड थंड. हे पाहिल्यावर सर्व्हिस सेंटरवरचा राग अर्धा उतरला. चिठ्ठी खरीच होती, यंत्रात दोष नव्हता. पण ही गोष्ट पुस्तिकेत एका ओळीत छापायला काय हरकत होती? अर्धा राग अजून आहे तो याचाच.

मग टाइम-लॅप्स लावला. सेन्सरला न विचारता दर मिनिटाला एक फोटो. डोहावर रोही उभी, पाणी पिताना, एकामागून एक मिनिटं. त्याच वेळात सेन्सरवर लावून पाहिलं तेव्हा एकही फोटो नव्हता. हा मोड म्हणजे फुकटची भर, असं माझं दिवाळीत मत होतं. आता उन्हाळ्यात मी फक्त तोच वापरतो. सेल जास्त खातो आणि कार्ड भराभर भरतं, हे खरं.

यावर एवढं का लिहितोय? कारण कोरं कार्ड पाहून माणूस 'आमच्याकडे आता काही उरलं नाही' असं म्हणायला लागतो, आणि गावात ते पटकन पसरतं. वाघांच्या गणनेत याच गोष्टीची काळजी घेतात. पूर्वी पंजाच्या ठशांवरून मोजायचे. राजस्थानातल्या सरिस्कात वाघ संपले तरी आकडे चालूच होते, आणि 2005 नंतर ती पद्धत मागे पडली. वन्यजीव शास्त्रज्ञ उल्लास कारंथांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत नव्वदच्या दशकात कॅमेरे लावून, प्रत्येक वाघाच्या पट्ट्यांवरून त्याला वेगळा ओळखून, पुन्हा पुन्हा सापडणाऱ्या वाघांच्या हिशोबाने न सापडलेल्यांचा अंदाज काढायची पद्धत इकडे आणली. दोन बाजूंना दोन कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे उजव्यासारखे नसतात. 2018 च्या गणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे होते. 2022 ला फोटोंतून 3,080 वेगवेगळे वाघ ओळखले गेले आणि अंदाज सरासरी 3,682 चा निघाला. फोटोत जे आले नाहीत त्यांचाही हिशोब या फरकात आहे. आपल्या धुऱ्यावरच्या एकट्या कॅमेऱ्याला असा हिशोब जमत नाही, म्हणून त्याच्या कोऱ्या कार्डावर विश्वास टाकू नये.

काकाजींनाही हेच सांगत होतो. ते डुकरांसाठी कुंपणात करंट सोडायच्या बेतात होते. आमच्या भागात हे सर्रास चालतं आणि त्यात काय काय मरतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातल्या जय वाघाचा बछडा श्रीनिवास 2017 मध्ये नागभीडकडे असाच तारेने गेला. काकाजींना मी वाघाटीचा फोटो दाखवला आणि म्हटलं, 'काकाजी, ही रात्री तुमच्याच धुऱ्यावरून जाते. तुमचे उंदीर हीच खाते. तुमच्या तारेला डुक्कर कोणतं आणि ही कोणती, हे कळणार नाही.' ते बराच वेळ फोटो बघत राहिले. तार त्यांनी अजून सोडलेली नाही. नुकसानीचा अर्ज करायला मी त्यांच्यासोबत गेलो, पंचनामा झाला, पैसे यायचे आहेत. ते वेळेवर आले तर अशा तारा कमी होतील, एवढं मी खात्रीने सांगतो.

बाकी थोडक्यात. लावताना तोंड उत्तरेकडे ठेवा, पूर्व-पश्चिमेला ठेवला तर ऊन थेट भिंगावर येतं आणि रिकाम्या फोटोंचा पूर येतो. उंची गुडघ्याएवढी. वाट समोरून येणारी नको, आडवी जाणारी हवी. आठ पेन्सिल सेल लागतात. चांगले रिचार्जेबल दोन जोड घेतलेत, महाग पडले तरी दर महिन्याचा खर्च वाचला. सेल उतरले की रात्रीचे फोटो आधी काळवंडतात, तीच खूण. उन्हाळ्यात सेन्सर वापरायचाच असेल तर 'हाय'वर, पावसाळ्यात 'लो'वर. मृगाच्या पहिल्या पावसानंतर कुंभारीण माशीने सेन्सरच्या भिंगावरच मातीचं घरटं बांधलं होतं. बोटभर माती, आत अळीसाठी आणून ठेवलेले कोळी. आठवड्यातून एकदा पुढची बाजू बघत जा.

दुसरा कॅमेरा घेणार आहे, आणि तो हाच. घेताना वॉरंटी कार्डावर दुकानदाराचा शिक्का आणि तारीख समोर उभं राहून मारून घ्या. माझ्या कार्डावर दुकानदाराने तो मारलाच नव्हता आणि कुरियरचे पैसे त्यापायीच मला भरावे लागले.