सहा फुटी अ‍ॅक्रिलिक टाकी: जाडी पुरली, वरच्या चौकटीने घात केला

वरच्या चौकटीला भेग गेली म्हणून हे लिहायला बसलोय. तोवर माशांच्या या टाकीबद्दल माझी तक्रार नव्हती.

टाकी 6 × 2 × 2 फूट, 18 मिमी कास्ट (साच्यात ओतून बनवलेली) अ‍ॅक्रिलिक शीट, म्हणजे काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक. आत दोन मोठे ऑस्कर मासे. टाकी बनवणारा फॅब्रिकेटर 12 मिमीवर अडून बसला होता. "साहेब, उगाच पैसे घालवताय." दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, लांबीवर नाही, हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण अ‍ॅक्रिलिक काचेपेक्षा वीसेक पट जास्त वाकतं, आणि ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. म्हणजे 12 ऐवजी 18 घेतली की शीट जवळपास 3.4 पट ताठ. ते जादा पैसे मला आजही खटकत नाहीत.

पुढच्या पॅनेलला मधोमध 3 मिमी फुगवटा आहे, दोरा ताणून मोजलेला. सुरुवातीला तो फार सलायचा. येताजाता डोळा तिथेच. आता मत बदललंय. भाराखाली अ‍ॅक्रिलिक थोडं सैलावतंच, आणि त्यानंतर फुगवटा अर्धा मिमी वाढून थांबला. फुगवटा वाढत राहिला तर घाबरा, नुसता असला तर नाही.

स्टँडवर मात्र मी भांडलो आणि ते बरं झालं. मूळ स्टँडला फक्त कडेने अँगल होते. काही काचेच्या टाक्यांना ते चालून जातं. अ‍ॅक्रिलिकचा तळ मधे लोंबला की जोडांवर ताण येतो. वेल्डरकडून दर फुटाला आडवे पाइप टाकून घेतले, वर 18 मिमी वॉटरप्रूफ प्लाय आणि पातळ फोम. लेव्हल करायची ती स्टँडच्या पायांखाली पत्र्याचे तुकडे घालून, टाकीखाली नाही. आत 24 घनफूट पाणी, म्हणजे सुमारे 680 किलो. घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला 200 किलो धरून डिझाइन होतो आणि इथे 600 च्या वर भार पडतो. म्हणून इंजिनिअरला दाखवून टाकी बीमवर, कॉलमला लागून ठेवली.

आता भेग. वरच्या चौकटीत हात घालायला दोन खिडक्या कापलेल्या असतात. माझ्या टाकीत त्यांचे कोपरे काटकोनात कापले होते. बाजूच्या भिंती बाहेर ढकलल्या जातात, चौकट त्यांना धरून ठेवते, आणि सगळा ताण त्या टोकदार कोपऱ्यात गोळा होतो. भेग तिथूनच निघाली, केसाइतकी, तिरकी. इतकी महागडी शीट घेऊन कोपरे गोल कापणाऱ्या राउटर यंत्राच्या एका फेरीची कंजुषी!

फॅब्रिकेटरचा माणूस सिरिंजमध्ये अ‍ॅक्रिलिक विरघळवून चिकटवणारा क्लोरोफॉर्म घेऊन आला आणि भरलेल्या टाकीवरच भेगेत सोडला. ताणाखालच्या अ‍ॅक्रिलिकला असलं द्रावक लागलं की तडे वाढतात. दुसऱ्या दिवशी कोपऱ्याभोवती चंदेरी रेघांचं जाळं दिसलं. फोन केला तर म्हणे वॉरंटी फक्त गळतीवर. चौकट तुटली की गळती दूर नसते, हे त्याला पटेना. मी संतापलो, आणि अजून शांत झालेलो नाही.

शेवटी पाणी अर्ध्यावर आणून दुसऱ्या वर्कशॉपमध्ये नवी चौकट करून घेतली. एकाच शीटमधून कापलेली, कोपऱ्यांना 2 इंची गोलाई, कडा घासून गुळगुळीत. जुनी काढून ही बसवायला टाकी पूर्ण रिकामी करावी लागली आणि खर्च सगळा माझ्या खिशातून गेला.

ओरखड्यांबद्दल लोक विचारतात. स्पंजमध्ये वाळूचा कण अडकला की ओरखडा येतोच, पण पॉलिशने निघतो. अमोनिया किंवा स्पिरिटचा क्लीनर मात्र जवळही आणू नका.

टाकी परत काठोकाठ भरली आहे. ऑर्डर देताना बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या: कास्ट शीट, चौकट अखंड, खिडकीच्या कोपऱ्याची गोलाई किती.