मागच्या पायांना आधार देणारा पट्टा: पावसाळाभर वापरल्यानंतर

मे महिन्यात आमचा टायगर, 22 किलोचा गावठी, मांजरामागे धावताना एकदम तीन पायांवर आला. गुडघ्यातलं क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारी दोरीसारखी पेशी, तुटलं होतं. गुडघा स्थिर राहावा म्हणून ऑपरेशनमध्ये नडगीचं हाड कापून प्लेटने पुन्हा बसवलं. हाड जुळायला साधारण 8 ते 12 आठवडे, तोवर धावणं-उड्या बंद. आमचं घर फोंड्याकडे, अंगणात उतरायला चिऱ्याच्या पायऱ्या. म्हणून हा पट्टा मागवला. पोटाखालून घालायचा, वर धरायला दोन बंद.

कुत्र्याचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, त्यामुळे मागची बाजू आईलाही पेलते. फक्त उचलायचं नाही, आधार द्यायचा. घाई केली की हा पठ्ठ्या दुखरा पाय पोटाशी घेऊन लंगडी घालत सुटतो. अगदी रमतगमत नेलं तरच पाय टेकतो: सुरुवातीला नुसती नखं, काही आठवड्यांनी अख्खा पंजा. त्या बाजूची मांडी अजून बारीकच आहे, पण शिंप्याच्या टेपने मोजली की फरक कळतो.

आता तक्रारी. पाकिटावर ‘सर्व कुत्र्यांसाठी’ छापलंय, पण नर कुत्र्याला पट्टा नेमका मुतायच्या जागी येतो! शेवटी शिंप्याकडून तिथे कापून काठ शिवून घेतला. वेल्क्रोत केस आणि लाल माती अडकते. जुन्या टूथब्रशने उकरून काढावी लागते. आणि आतला फोम आपल्याकडच्या पावसात वाळता वाळत नाही. ओलसर पट्ट्याने जांघेत लाल चट्टे उठले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, कुत्रा बसला की पट्टा काढायचाच. मग बिनफोमचा दुसरा घेतला, तो पंख्याखाली रात्रीत सुकतो. शिलाई मात्र दोन्हींची दणकट. चतुर्थीत फटाके वाजल्यावर टायगरने पलंगाखाली घुसायला जी हिसडी मारली, त्यात माझा खांदा दुखावला, बंद तसेच.

घरातल्या टाइल्सवर मात्र पट्ट्याने भागत नाही, पाय फाकतात. काथ्याची पायपुसणी त्याच्यासकट घसरतात. खाली रबर असलेल्या मॅटच्या पट्ट्या दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत अंथरल्या, शिवाय पंजातले वाढलेले केस कापले. माझ्या मते निम्मं काम त्यानेच झालं.

मोठा, जड कुत्रा असेल तर जरूर घ्या. पाच-सात किलोच्या कुत्र्यासाठी पैसे घालवू नका, जुना टॉवेल पोटाखालून घेतला तरी चालतो.