झेडडीप्लासकिन: सॉफ्टवेअर फुकट, अभिक्रियांची जबाबदारी तुमची

सोयाबीनच्या बियाण्यावर हवेचा प्लाझ्मा (विजेनं आयनीभूत झालेली हवा) सोडायचा आणि ओझोन किती बनेल हे आधी गणितानं बघायचं, तर यासाठी महागडं पॅकेज नको. फ्रान्समधल्या तुलूजच्या लाप्लास प्रयोगशाळेचं 2008 चं झेडडीप्लासकिन हे फोर्ट्रान या संगणकभाषेतलं मॉड्यूल प्लाझ्मातल्या अभिक्रियांचं गणित करतं आणि साध्या पीसीवर चालतं.

मजकूर फाइलीत मूलद्रव्यं, कण आणि अभिक्रिया लिहायच्या. प्रीप्रोसेसर हा सोबतचा प्रोग्राम त्यातून कोड तयार करतो. इलेक्ट्रॉनांच्या टकरींचे दर बोल्सिग प्लस हा भाग काढतो, समीकरणं डीव्होड हा भाग सोडवतो. एलएक्सकॅट या ऑनलाइन माहितीसाठ्यावरून घेतलेल्या छेदांच्या (टक्कर होण्याची शक्यता सांगणाऱ्या आकड्यांच्या) फाइलीत प्रक्रियेचं नाव जसं आहे, अगदी तसंच अभिक्रियेत हवं. ते जुळलं नाही तर प्रोग्राम अडतो, आणि अडला तर बरंच.

खरा घात एककांत होतो. इथं सगळं सेंटिमीटरमध्ये चालतं. ऑक्सिजनचा अणू, ऑक्सिजनचा रेणू आणि तिसरा कण मिळून ओझोन होतो, त्याच्या वेगाचा गुणांक 300 केल्विनला सुमारे 6×10⁻³⁴ सेंमी⁶/से. शोधनिबंधातला मीटरमधला 6×10⁻⁴⁶ तसाच चिकटवला, तर प्रोग्राम हूं की चूं न करता ओझोन जवळपास शून्य दाखवतो. गिरणीत ज्वारी टाकून गव्हाचं पीठ मागण्यातला प्रकार.

दुसरी चूक आपल्याकडची खास. उदाहरणांतली वायूची घनता समुद्रसपाटीची, 2.45×10¹⁹ प्रति घनसेंमी. छत्रपती संभाजीनगर साधारण 570 मीटरवर, दाब 95 किलोपास्कलच्या आसपास. एप्रिलच्या 40 अंशांत घनता 2.2×10¹⁹ वर येते, म्हणजे त्याच व्होल्टेजला टाउनसेंडमधलं क्षेत्र (विद्युतक्षेत्र भागिले वायूची घनता) सुमारे 11 टक्के जास्त. इलेक्ट्रॉनांचे दर क्षेत्रावर घातांकी चढतात, म्हणून हा फरक सोडून चालत नाही. वाफही ऋतूनुसार घाला: 40 अंश व 20 टक्के आर्द्रतेला दीड टक्का, 27 अंश व 80 टक्क्यांना तीन. वाफ वाढली की ओएच (हायड्रॉक्सिल) वाढतो, ओझोन घटतो.

सुरुवातीची इलेक्ट्रॉन घनता शून्य ठेवू नका, आयनीकरण सुरूच होणार नाही. विजेचा स्पंद नॅनोसेकंदांचा असला तरी ओझोन बनायला दहा-वीस मायक्रोसेकंद लागतात. स्पंद संपला म्हणून गणना थांबवू नका.

उणीव एकच, पण मोठी: मॉडेल शून्य-मितीय आहे, म्हणजे सगळी जागा एकाच बिंदूसारखी धरतं. भिंती, इलेक्ट्रोड, बियाण्याचा पृष्ठभाग त्याला दिसत नाही. भिंतीवरचा कणांचा ऱ्हास विसरणाचा (कण पसरण्याचा) दर काढून हातानं घालावा लागतो. तो न घातलेला आलेख दिसायला सुंदर असतो, पण प्रयोगाशी जुळत नाही.