सीझनआधीचं कोटेशन: एसईओतलं काय घ्यावं, काय सोडावं

पाऊस ओसरायला लागला की गोव्यातल्या हॉटेलवाल्यांपुढे, कुळागर (सुपारी-नारळाची बाग) दाखवणाऱ्यांपुढे, टॅक्सीवाल्यांपुढे वेबसाइटवाल्यांची कोटेशनं येऊन पडतात. एकात लिहिलेलं असतं, ‘ऑन-पेज, ऑफ-पेज, १०० बॅकलिंक, डीए वाढवून देऊ’. दुसऱ्यात असतं, ‘गूगल अ‍ॅड्स, रोजचं बजेट अमुक’. मालक शेवटचा आकडा बघतो आणि जे स्वस्त ते घेतो. या दोन कागदांवर दोन वेगळी कामं लिहिलेली आहेत, हेच बऱ्याचदा त्याच्या लक्षात येत नाही. म्हणून त्यातले शब्द जोडीजोडीने मांडतो आणि माझा कल कुठे आहे तेही सांगतो.

एसईओ की जाहिरात

सर्च इंजिनाला तुमचं पान सापडावं, समजावं आणि योग्य शोधाला ते वर दिसावं, यासाठी साइटवर (ऑन-पेज) आणि साइटबाहेर (ऑफ-पेज) केलेलं काम म्हणजे एसईओ, सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन. त्यातून मिळणाऱ्या निकालांना ऑरगॅनिक म्हणतात आणि तिथल्या क्लिकचे गूगलला पैसे पडत नाहीत. गूगल अ‍ॅड्समध्ये, म्हणजे २०१८ पर्यंतच्या अ‍ॅडवर्ड्समध्ये, प्रत्येक शोधाला लिलाव होतो. तुमच्या बोलीबरोबर जाहिरातीचा दर्जाही बघितला जातो. शोधातल्या जाहिरातीचे पैसे साधारणपणे कोणी क्लिक केलं की कापले जातात. एका क्लिकमागचा हा खर्च म्हणजे सीपीसी.

निवड करताना आधी कॅलेंडर बघा. एसईओचा फायदा दिसायला साधारण ४ महिने ते १ वर्ष लागतं, असं गूगलचंच मार्गदर्शन सांगतं. पाहुणे ऑक्टोबरपासून येऊ लागतात, म्हणजे एसईओचं काम एप्रिल-मेमध्येच हातात घ्यायला हवं. सप्टेंबरात कोटेशन मंजूर करून नाताळच्या बुकिंगची वाट बघणं व्यर्थ आहे. उशीर झालाच असेल तर या सीझनपुरती मोजक्या शब्दांवर जाहिरात घ्या आणि एसईओ पुढच्या वर्षाच्या हिशेबाने सुरू करा. ‘अ‍ॅड चालू ठेवली की ऑरगॅनिक नंबरही वर येतो’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तसं होत नाही, हे गूगलने स्पष्ट केलेलं आहे. ‘पहिला नंबर हमखास’ लिहिलेला कागद तर वाचतही बसू नका. ती हमी कोणालाच देता येत नाही.

बिझनेस प्रोफाइल की स्वतःची साइट

नकाशावर नाव, फोन, वेळा, फोटो आणि रिव्ह्यू दाखवणारी नोंद म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाइल. ती फुकट असते. स्थानिक निकाल लावताना गूगल तीन गोष्टी धरतं: शोधाशी जुळणं, शोधणाऱ्यापासूनचं अंतर आणि व्यवसायाची ओळख. म्हापशाच्या बाजारात उभा असलेला माणूस ‘जवळची खाणावळ’ शोधतो तेव्हा त्याला प्रोफाइलच दिसते. तुमच्या साइटवरचा दहा परिच्छेदांचा इतिहास तो उघडत नाही. खाणावळ, गॅरेज, दवाखाना, दुकान, गिऱ्हाइकांसाठी खुलं असलेलं कुळागर यांनी आधी प्रोफाइल नीट करावी आणि मग साइटवर पैसे घालावेत, असं माझं ठाम मत आहे.

त्यात दोन मोह टाळा. फलकावर ‘कामत भोजनालय’ असेल तर प्रोफाइलच्या नावात ‘कामत भोजनालय बेस्ट फिश थाळी नॉर्थ गोवा’ लिहू नका. ते नियमाबाहेर आहे आणि नोंद बंद पडू शकते. रिव्ह्यूच्या बदल्यात सोलकढी फुकट किंवा बिलात सूट देणंही चालत नाही.

सुट्टीसाठी भाड्याने द्यायचे बंगले असतील तर मात्र हिशेब उलटा होतो. अशी भाड्याची मालमत्ता बिझनेस प्रोफाइलच्या नियमांत बसत नाही; कंपनीचं स्वतःचं ऑफिस असेल तर त्याची नोंद करता येते. आसगाव-शिवोलीकडे व्हिला देणाऱ्याला त्यामुळे स्वतःच्या साइटवाचून गत्यंतर नाही. प्रोफाइलमधून मिळणारी फुकट छोटी वेबसाइट गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली. तेवढ्यावरच विसंबलेल्यांना नवा पत्ता शोधावा लागला. डोमेन, म्हणजे साइटचं नाव-पत्ता, स्वतःचं असावं ते यासाठीच.

मोठा कीवर्ड की लांबलचक

कीवर्ड म्हणजे लोक शोधताना टाइप करतात ते शब्द. ‘गोव्यात हॉटेल’ हा मोठा कीवर्ड. तो शोधणारे असंख्य, पण तिथे तुमच्यासमोर मोठ्या बुकिंग कंपन्या उभ्या असतात आणि शोधणाऱ्याला कळंगूट हवं की काणकोण, हे त्यालाही ठाऊक नसतं. ‘कवळे शांतादुर्गा मंदिराजवळ कुटुंबासाठी खोली’ हा लांबलचक कीवर्ड, धंद्यातल्या भाषेत लाँग-टेल. शोधणारे थोडे, पण बहुतेकांचं येणं ठरलेलं.

फोंडा तालुक्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी इथे कुलदैवताच्या दर्शनाला महाराष्ट्रातून कुटुंबंच्या कुटुंबं येतात. देवस्थानच्या अग्रशाळेत खोली मिळाली नाही की ती जवळपासची सोय शोधतात. त्यांचे प्रश्नही ठरावीक असतात: आजीला जिने चढावे लागतील का, शाकाहारी जेवण मिळेल का, पहाटेच्या अभिषेकाला वेळेवर पोचता येईल का. या प्रश्नांची उत्तरं देणारं एक पान मराठीत लिहा. इथल्या बहुतेक साइट अजून फक्त इंग्रजीत आहेत आणि फक्त समुद्रकिनाऱ्याबद्दलच बोलतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपलं गिऱ्हाईक आपल्याच भाषेत विचारतंय आणि उत्तर द्यायला कोणी नाही! मराठी आणि इंग्रजी मजकूर एकाच पानावर मिसळू नका. दोन वेगळी पानं करा आणि त्यांचं नातं सांगणारा एचरेफलँग टॅग लावायला सांगा.

गावांची नावं रोमी लिपीत दोन-दोन तऱ्हांनी लिहिली जातात. साखळी, डिचोली, पेडणे, केपे ही ठळक उदाहरणं. दोन्ही रूपं पानावर सहज एकदा येऊ द्या. तीच वीस वेळा कोंबली तर त्याला कीवर्ड स्टफिंग म्हणतात आणि त्याने नुकसानच होतं.

टायटल, डिस्क्रिप्शन आणि मेटा कीवर्ड

निकालात दिसणारी ठळक ओळ बहुतेक वेळा टायटल टॅगमधून येते. कितीतरी साइटवर तिथे ‘होम’ किंवा ‘वेलकम टू अवर वेबसाइट’ पडलेलं असतं. त्याजागी ‘कवळे देवस्थानाजवळ कुटुंबासाठी खोल्या, फोंडा’ असं लिहिलं तर गूगललाही कळतं आणि माणसालाही. मेटा डिस्क्रिप्शन म्हणजे त्याखालच्या दोन ओळी. त्यांनी क्रमांक वर जात नाही, पण क्लिक करावं की नाही हे वाचणारा त्यावरून ठरवतो. गूगल कधी कधी त्याऐवजी पानातलाच मजकूर दाखवतं. मेटा कीवर्ड क्रमांकासाठी वापरत नाही, असं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. कोटेशनमध्ये त्याचे वेगळे पैसे लावले असतील तर ती ओळ खोडा.

इंप्रेशन की क्लिक

गूगल सर्च कन्सोल हे गूगलच्या निकालांत तुमची साइट कशी चालते ते दाखवणारं फुकट साधन आहे. पान निकालांत जितक्या वेळा आलं तितकी इंप्रेशन. त्यातून जितके लोक साइटवर आले तितके क्लिक. या दोहोंचं प्रमाण म्हणजे सीटीआर. महिन्याच्या अहवालात नुसती इंप्रेशन फुगवून दाखवली जातात, म्हणून हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचा. इंप्रेशन भरपूर, सरासरी क्रमांकही वरचा आणि तरी क्लिक नगण्य असतील, तर आधी टायटल तपासा. क्रमांकच पार खाली असेल तर काम मजकुराचं आहे. आणि इंप्रेशनच शून्य असतील तर आधी पान इंडेक्समध्ये आहे का ते बघा.

क्रॉल आणि इंडेक्स यांत लोकांची गल्लत होते. गूगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, पान वाचून गेला की क्रॉल झालं. गूगलने ते आपल्या साठ्यात ठेवलं की इंडेक्स झालं. क्रॉल झालेलं प्रत्येक पान इंडेक्स होतंच असं नाही. साइट बांधायच्या वर्डप्रेस या साधनात सेटिंग्जखाली रीडिंगमध्ये, सर्च इंजिनांनी ही साइट इंडेक्स करू नये अशा अर्थाची एक चौकट असते. साइट बांधताना तिच्यात टिक करतात आणि काम संपल्यावर काढायची राहून जाते. त्या एका टिकेपायी अख्खा सीझन हातचा जाऊ शकतो. नव्या साइटचा ताबा घेताना ती चौकट स्वतः उघडून बघा.

१०० बॅकलिंक की चार

दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणारा दुवा म्हणजे बॅकलिंक. क्रमांकासाठी विकत घेतलेले दुवे गूगलच्या स्पॅम नियमांविरुद्ध आहेत आणि २०१२ च्या पेंग्विन अपडेटपासून (गूगलच्या क्रमवारीच्या पद्धतीतल्या बदलापासून) त्यांच्यावर कडक नजर आहे. कोटेशनमधला डीए, म्हणजे डोमेन अथॉरिटी, हा मॉझ या खासगी कंपनीचा अंदाज आहे. गूगल तो क्रमांकासाठी वापरत नाही. तुमच्या कुळागरावर लेख लिहिणारा एखादा प्रवासलेखक, स्थानिक वृत्तपत्र, व्यापारी संघटनेची सदस्ययादी यांचे चार दुवे मला १०० अनोळखी दुव्यांपेक्षा कितीतरी जास्त मोलाचे वाटतात.

पानाचा पत्ता बदलला तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेणारं रिडायरेक्ट लावा: बदल कायमचा असेल तर ३०१, तात्पुरता असेल तर ३०२. पान गूगलमधून काढायचं असेल तर पानावर नोइंडेक्स, म्हणजे ‘इंडेक्स करू नका’ असं सांगणारा टॅग, लावा. बॉटने कुठली पानं वाचू नयेत ते सांगणाऱ्या रोबोट्स फाइलमध्ये नुसती बंदी घातली तर बॉटला तो नोइंडेक्स वाचताच येत नाही.

दोन्ही कोटेशनवाल्यांना एक प्रश्न मात्र सारखाच विचारा: डोमेन कोणाच्या नावावर राहील, आणि सर्च कन्सोल व प्रोफाइलचा मालक कोण असेल? दोन्हीकडे मालक तुम्हीच राहा. प्रोफाइलवर त्यांना व्यवस्थापक नेमा आणि सर्च कन्सोलमध्ये कामापुरती परवानगी द्या. करार संपला की दोन्ही काढून घेता येतात.